कोडमधून रोज एक चित्र: जनरेटिव्ह आर्टविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आम्ही काही जण दर जानेवारीत रोज एक विषय घेऊन कोडमधून चित्रे करतो आणि रविवारी दुपारी एका वाचनालयाच्या पडवीत बसून ती एकमेकांना दाखवतो. नव्याने येणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती आमच्या कामातून आलेली असल्यामुळे काही ठिकाणी आमची मतेही त्यांत मिसळलेली आढळतील.

जनरेटिव्ह आर्ट म्हणजे नेमके काय?

चित्रकार रेषा स्वतःच्या हाताने न ओढता ती कशी ओढायची याचे नियम ठरवतो आणि ते नियम अमलात आणण्याचे काम दुसऱ्या कशावर तरी, बहुधा संगणकावर, सोपवतो, तेव्हा तयार होणाऱ्या कलेला जनरेटिव्ह आर्ट म्हणतात. ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीला उदबत्तीने ओळीने भोके पाडून ठिपक्यांचा कागद करायचा, सारवलेल्या अंगणात तो अंथरून वरून रांगोळी पसरायची आणि कागद अलगद उचलला की खाली ठिपके उमटायचे, हे बहुतेकांनी घरी पाहिलेले असते. त्या एकाच कागदावरून आजीची रांगोळी वेगळी उठते आणि नातीची वेगळी, कारण ठिपके तेच असले तरी ते जोडण्याचा नियम प्रत्येकीचा निराळा असतो. गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये, तमिळनाडूच्या कोलम या रांगोळीचे असेच नियम संगणकशास्त्रातील व्याकरणाच्या रूपात मांडले होते.

संगणकावर काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन जर्मनीतील स्टुटगार्ट येथे गेऑर्ग नेस यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये भरवले. म्हणजे या कलेला साठ वर्षे होऊन गेली आहेत आणि ‘हे नवीन खूळ’ म्हणून तिला झटकून टाकण्याची सोय आता उरलेली नाही.

ही चित्रे एआय काढते का?

नाही. एआयला वर्णन लिहून दिले की ते असंख्य चित्रांवरून शिकलेल्या अंदाजाने एक चित्र पुढे करते, आणि त्यातील अमुक रेषा तेथेच का आली हे वर्णन लिहिणाऱ्याला सांगता येत नाही. आपल्या कामात प्रत्येक रेषेमागचा नियम आपणच लिहिलेला असतो. ती कोठे पडेल हे आधी ठाऊक नसले, तरी का पडली हे नंतर शोधून काढता येते. कोडमधली चूक शोधण्यासाठी कोणी एआयची मदत घेतली तर आमची हरकत नसते, मात्र नियम स्वतःचा असावा.

जानेवारीतील रोजचे विषय कोण ठरवते?

पीटर पास्मा या कलाकाराने जानेवारी २०२१ मध्ये ‘जेन्युअरी’ नावाचा उपक्रम सुरू केला. ‘जनरेटिव्ह’ आणि ‘जानेवारी’ हे शब्द एकमेकांत घालून ते नाव तयार झाले आहे. महिन्याच्या प्रत्येक दिवसासाठी एक छोटा विषय जाहीर होतो आणि जगभरचे लोक आपापल्या परीने त्यावर काम करतात. २०२१ च्या पहिल्या दिवशी एकात एक असे तीन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या आज्ञा) वापरायचे होते, २०२२ च्या पहिल्या दिवशी कोणत्याही एका गोष्टीच्या दहा हजार प्रती काढायच्या होत्या, आणि २०२५ ची सुरुवात केवळ उभ्या किंवा आडव्या रेषांनी झाली. यात स्पर्धा नाही, नोंदणी नाही आणि कोणी गुणही देत नाही. ज्यांना जानेवारी सोयीचा नसतो, त्यांनी दुसरा महिना निवडून स्वतःचे विषय काढावेत. आमच्यातील एक बागायतदार आंब्याच्या हंगामात हाताला क्षणाची उसंत नसते म्हणून हाच उद्योग पावसाळ्यात करतात.

कोडिंग मुळीच येत नाही. सुरुवात कशाने करावी?

‘प्रोसेसिंग’ किंवा ‘पी-फाइव्ह-जेएस’ यांपैकी एकाने करावी. प्रोसेसिंग ही केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये, अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये असताना, चित्रकार व विद्यार्थी यांच्यासाठी सुरू केलेली प्रणाली आहे. तीच कल्पना लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ पासून पी-फाइव्ह-जेएसच्या रूपाने ब्राउझरमध्ये आणली. दोन्ही मोफत आहेत. वर्तुळ काढणे, रेषा ओढणे, रंग भरणे आणि तेच काम शंभर वेळा करून घेणे एवढ्या चार गोष्टी आल्या की पहिला आठवडा निघतो, आणि त्या शिकायला एक रविवार पुरतो.

गावात रेंज नसते आणि लॅपटॉप जुना आहे. मग काय करावे?

प्रोसेसिंग एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. पी-फाइव्ह-जेएसची फाईलही एकदा रेंजमध्ये जाऊन पेन ड्राइव्हवर आणली की कोणत्याही ब्राउझरमध्ये घरबसल्या चालते. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप स्थिर चित्रांना पुरेसा होतो. हलती चित्रे मात्र त्याच्यावर अडखळतात, तेव्हा तेथे हलणाऱ्या टिंबांची संख्या कमी ठेवावी.

यंत्र नसल्याची तक्रार करणाऱ्यांना आम्ही व्हेरा मोल्नार यांची हकीकत सांगतो. १९२४ मध्ये बुडापेस्ट येथे जन्मलेल्या आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या या चित्रकर्तीला संगणक हाताळायला मिळाला तो १९६८ मध्ये. त्यापूर्वी अनेक वर्षे त्या ‘कल्पित यंत्र’ मनाशी धरून काम करत होत्या, म्हणजे स्वतःला पायरी-पायरीने सूचना द्यायच्या आणि त्या न मोडता हाताने पाळायच्या. वीज गेलेल्या संध्याकाळी आम्हीही वहीच्या चौकटीच्या कागदावर फासा टाकून हेच करतो आणि सकाळी त्याचा कोड लिहितो. असे कोड पहिल्या फटक्यात चालण्याचे प्रमाण अधिक असते, हे आम्हाला बऱ्याच उशिरा उमगले.

चित्रकला आणि गणित दोन्ही कच्चे असतील तर?

चालेल. सातवीपर्यंतची भूमिती पुरते. साइन आणि कोसाइन गरज पडेल तेव्हा शिकता येतात.

पहिल्या दिवशी नेमके काय करावे, हे एखाद्या उदाहरणाने सांगता येईल का?

नेस यांचे १९६८ च्या सुमाराचे एक प्रसिद्ध चित्र आहे. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ ‘खडी’ असा होतो. त्यात आडवे बारा आणि उभे बावीस असे चौरस असून वरच्या ओळी शिस्तीत उभ्या आहेत, आणि खाली येता येता चौरस तिरके होत, सरकत, शेवटी विस्कटून पडले आहेत. आम्ही नवख्यांना हेच चित्र जांभ्या चिऱ्यांच्या गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतीच्या, रूपात करायला देतो, कारण पावसाळ्यानंतर ढासळलेला गडगा प्रत्येकाने पाहिलेला असतो.

प्रथम नुसती भिंत उभी करावी. एका लूपमध्ये ओळी आणि त्याच्या आत दुसऱ्या लूपमध्ये प्रत्येक ओळीतील चिरे घ्यावेत. चिरा चौरस नसतो, तो लांबट असतो. म्हणून रुंदी चाळीस ठेवली तर उंची वीस ठेवावी, आणि गवंडी ठेवतो तसा सांधा चुकवण्यासाठी एकाआड एक ओळ अर्ध्या चिऱ्याने सरकवावी. येथवर काहीही यादृच्छिक, म्हणजे नशिबावर सोडलेले, नाही. आता प्रत्येक चिऱ्याला थोडे फिरवायचे आहे. किती फिरवायचे, तर उणे एक आणि अधिक एक यांच्या मधली कोणतीही एक संख्या घेऊन तिला ओळीच्या क्रमांकाने गुणायचे आणि त्या गुणाकाराइतके अंश चिरा वळवायचा. पहिल्या ओळीचा क्रमांक शून्य धरल्यामुळे ती ओळ ताठ राहते आणि एकविसाव्या ओळीतला, म्हणजे क्रमांक वीसच्या ओळीतला, चिरा वीस अंशांपर्यंत कलंडू शकतो. नेसच्या चित्राप्रमाणे यातही पडझड खाली वाढत जाते. खरा गडगा मात्र वरून ढासळतो, हे आमच्यातील एका गवंडीकाकांनी पहिल्याच दिवशी लक्षात आणून दिले. ते दुरुस्त करण्यासाठी गुणायचा क्रमांक तळाकडून मोजावा लागतो. एवढा एक आकडा उलटा केला की चित्राचा अर्थ बदलतो, आणि नवख्या माणसाला कोडची गोडी लागते ती बहुधा याच ठिकाणी.

‘रँडम’ आणि ‘नॉइज’ यांत फरक काय?

रँडम संख्येला आधीच्या संख्येची आठवण नसते. रँडमने समुद्राची रेषा काढली तर करवतीचे दाते उमटतात. नॉइजमध्ये मात्र शेजारशेजारच्या संख्या एकमेकींच्या जवळपास राहतात, त्यामुळे रेषा लाटेसारखी हळूहळू चढते आणि उतरते. ही युक्ती केन पर्लिन यांनी १९८३ मध्ये शोधली. संगणकावर काढलेल्या वस्तू फार गुळगुळीत आणि यंत्रासारख्या दिसतात, हे त्यांना खटकत होते. पुढे १९९७ मध्ये त्यांना याच कामासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मात्र सगळ्या चित्रांत नॉइज घातला की सगळी चित्रे धुरासारखी वाहू लागतात आणि कोणाचे कोणते ते ओळखू येत नाही. पहिले दहा दिवस त्याला हात न लावणे बरे.

दिलेला विषय रुचला नाही तर स्वतःचे विषय कोठून आणावेत?

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचे आम्हाला नवल वाटते. ओहोटीच्या वेळी ओल्या पुळणीवर बारीक खेकड्यांनी केलेली वाळूच्या गोळ्यांची नक्षी पाहावी. नखाएवढा खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घेऊन तिच्यातील खाण्याजोगे तेवढे गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतो. तो बिळापासून सरळ बाहेरच्या दिशेला सरकत जातो, त्यामुळे गोळ्यांच्या ओळी चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरतात, आणि पाऊल वाजले की पळून परतण्यासाठी एक वाट तो मोकळी ठेवतो. हे सगळे कोडमध्ये जसेच्या तसे उतरवता येते: मध्यबिंदू घ्यावा, बारा-पंधरा दिशा निवडाव्यात, प्रत्येक दिशेला लांबी वेगळी द्यावी, ठरावीक अंतराने थोडा हात हलवून टिंब ठेवावे आणि एक दिशा रिकामी सोडावी. ही रिकामी दिशा विसरली की चित्र फुलबाजीसारखे दिसते, आणि सोडली की त्यात कोणी राहत असल्यासारखे वाटते. भरती येऊन सगळे पुसते आणि पुढच्या ओहोटीला खेकडा पुन्हा कामाला लागतो. रोजच्या विषयाचा कंटाळा आला की आम्ही पुळणीवर जातो ते याचसाठी.

शंख हा दुसरा विषय. २०२१ च्या जेन्युअरीत दुसऱ्या दिवशी ‘नियम ३०’ दिला होता. स्टीफन वुल्फ्रॅम यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या या नियमात काळ्या-पांढऱ्या घरांची एक ओळ असते आणि तिच्याखाली पुढची ओळ भरायची असते. वरचे घर किंवा त्याच्या उजवीकडचे घर काळे असेल तर डावीकडच्या घराच्या उलट रंग भरायचा, आणि ती दोन्ही पांढरी असतील तर डावीकडच्याच घराचा रंग भरायचा. मध्ये एकच काळे घर ठेवून शंभर ओळी भरल्या की लहानमोठ्या त्रिकोणांची जी विस्कळीत नक्षी उतरते, तिच्याशी हिंदी आणि प्रशांत महासागरांत आढळणाऱ्या ‘टेक्स्टाइल कोन’ या शंखावरील नक्षीचे साम्य डोळ्यांत भरते. शंखही कडेला एकेक ओळ वाढवत जातो, त्यामुळे ही तुलना केवळ वरवरची नाही. असा शंकूसारखा शंख जिवंत सापडला तर त्याला हात लावू नये, त्या गोगलगाईचा दंश विषारी असतो.

तिसरा विषय भरतीचा. तिथीला पाऊणने गुणले की त्या दिवशीच्या भरतीची ढोबळ वेळ निघते, हा जुना ठोकताळा किनाऱ्यावर अनेकांना तोंडपाठ असतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. कोडच्या भाषेत ही एका ओळीची आज्ञावली आहे. महिन्याच्या तीस तिथींसाठी तीस आडव्या पट्ट्या घेऊन प्रत्येकीत भरतीची वेळ गडद केली, तर खालपर्यंत सरकत जाणारी एक तिरपी लाट आपोआप उमटते.

सावंतवाडीचा गंजिफाही हाताशी आहे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशे वीस गोल पाने असतात. त्यांतील एक्क्यापासून दश्शापर्यंतच्या पानांवर अवताराचे चिन्ह तितक्या वेळा मांडलेले असते. मत्स्याचे सात मासे एका वर्तुळात नीट कसे बसवायचे, आठ झाले तर मांडणी कशी बदलायची, हा प्रश्न चितारी हाताने सोडवतो आणि आपल्याला नियमाने सोडवायचा असतो. आमच्यातील कोणालाही दहाच्या दहा पानांना लागू पडणारा एकच सुंदर नियम आजवर साधलेला नाही.

जानेवारीत आंब्याचा मोहोर समोरच असतो. मुख्य दांडीला फुटवे, फुटव्यांना पुन्हा तसेच छोटे फुटवे, अशा वाढीचे नियम आरिस्टिड लिंडेनमायर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडले, आणि झाडे काढणारे कोड आजही अनेकदा त्यावरच चालते.

कातळशिल्पांच्या आकृत्या वापराव्यात का?

आकृती उचलून तिच्या हजार प्रती पसरण्याला आमचा विरोध आहे. त्यात नियम कोणताच नसतो. त्यापेक्षा तेथे जाऊन पाहावे. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, एका भल्यामोठ्या हत्तीच्या बाह्यरेषेच्या पोटात अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. मोठ्या आकाराच्या आत, एकमेकांवर न चढता, लहान आकार बसवणे हा जनरेटिव्ह आर्टमधील नेहमीचा आणि चांगला कठीण प्रश्न आहे, आणि तो कोणीतरी जांभ्यावर फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. तो प्रश्न घ्यावा, हत्ती घेऊ नये. कोरीव रेषांवर पाय देऊ नये आणि फोटोसाठी त्यांत खडू भरू नये, हे सांगावे लागू नये, पण लागते.

रोज किती वेळ द्यावा? एखादा दिवस चुकला तर?

एक तास. तासाभरात जे होईल ते त्या दिवसाचे चित्र मानावे. चुकलेला दिवस भरून काढू नये, नाहीतर थकबाकीच्या ओझ्याखाली दहाव्या दिवशी उपक्रम बंद पडतो.

एकदा आलेले चित्र पुन्हा का मिळत नाही? ‘सीड’ म्हणजे काय?

संगणकाची रँडम संख्या खरोखर यादृच्छिक नसते. ती एका आरंभीच्या संख्येपासून हिशेबाने काढलेली असते. त्या आरंभीच्या संख्येला सीड म्हणजे बी म्हणतात. कोड आणि बी तेच ठेवले तर चित्रही तेच उगवते. आपण बी दिले नाही तर संगणक दर वेळी स्वतःच नवीन निवडतो आणि आपल्याला सांगत नाही.

हे लिहिणाऱ्याने एका जानेवारीत रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्याचे चित्र केले होते. अर्धवर्तुळात ओढलेली दोरी, मध्ये ढिली पडलेली जाळी आणि एका टोकाला नॉइजमुळे अशी घडी पडलेली की जाळ्यात खरोखर मासळी लागल्याचा भार दिसावा. ते पडद्यावर असताना शेजाऱ्यांना हाक मारून दाखवले, चहा झाला, आणि परत येऊन रंग किंचित गडद करण्यासाठी कोड पुन्हा चालवला. रंग गडद झाला, पण घडी गेली. त्यानंतर दोनशेहून अधिक वेळा तो कोड चालवून पाहिला. जाळी दर वेळी रिकामीच आली. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा आहे की पहिल्याच ओळीत बी लिहायचे आणि चित्राच्या फाईलच्या नावात तारीख आणि बी दोन्ही घालायचे.

चित्र छापायचे असेल तर?

पडद्यावर ठीक दिसणारे आठशे पिक्सेलचे चित्र कागदावर फाटके दिसते. ए-फोर कागदावर दर इंचाला तीनशे ठिपक्यांनी छापण्यासाठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. आकडे थेट न लिहिता सगळी मापे कॅनव्हासच्या (कोडमधल्या चित्राच्या चौकटीच्या) रुंदीच्या प्रमाणात लिहिली, तर नंतर फक्त कॅनव्हास मोठा करावा लागतो. केवळ रेषांचे चित्र असेल तर ते एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषांची मापे साठवणाऱ्या) स्वरूपात साठवावे, म्हणजे कितीही मोठे केले तरी रेषा तुटत नाही. घरात छापील चित्र लावताना एक लक्षात ठेवावे, की कोकणच्या पावसाळ्यात काचेआडच्या कागदावरही बुरशी धरते. चौकटीचा मागचा पुठ्ठा दसऱ्याच्या सुमारास बदलावा.

दुसऱ्याचा कोड वापरला तर चालतो का?

शिकण्यासाठी खुशाल वापरावा, परवाना वाचावा आणि मूळ लेखकाचे नाव चित्रासोबत द्यावे. आमच्या बैठकीत मात्र नुसते रंग बदलून आणलेल्या चित्राकडे कोणी फारसे पाहत नाही.

यातून पैसे मिळतात का?

काहींना मिळाले. टायलर हॉब्ज यांची जून २०२१ मध्ये विक्रीस आलेली ‘फिडेन्झा’ ही ९९९ चित्रांची मालिका पुढे मोठ्या किमतींना विकली गेली. नंतर अशा डिजिटल चित्रांचा बाजार उतरला. आमच्यापैकी एकाने गेल्या वर्षी लग्नपत्रिकेच्या कडेची नक्षी करून दिली, प्रत्येक पत्रिकेला वेगळी, आणि मोबदल्यात त्यांच्या घरी हापूसच्या दोन पेट्या आल्या.

मुलांना बरोबर आणावे का?

दहा वर्षांवरील मुलांना अवश्य आणावे. त्यांना आधी संगणक देऊ नये. पडवीतल्या फरशीवर खडूने ठिपके काढून द्यावेत आणि एकाने नियम सांगायचा, दुसऱ्याने तो शब्दशः पाळायचा असा खेळ लावावा. ‘जवळचा ठिपका जोड’ असे सांगितल्यावर दोन ठिपके सारख्याच अंतरावर निघाले की भांडण होते. ते मिटवण्यासाठी मुले जो जास्तीचा नियम लावतील, तो वहीत लिहून घ्यावा आणि मग लॅपटॉप उघडावा.